रंगवलेल्या गाडीचे पोपडे त्याच जागी पुन्हा निघत असतील तर

कमी खर्चात गाडी रंगवून घेतली, हातात आली तेव्हा चकाकत होती आणि काही महिन्यांतच बॉनेटच्या कडेला किंवा दाराच्या हँडलपाशी पापुद्रा सुटला. गॅरेजवाल्याने खळखळ न करता तेवढा भाग परत मारून दिला. थोडे दिवस गेले आणि त्याच जागी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा गाडी दाखवली की उत्तर मिळतं, "उन्हाने होतं असं" किंवा "रंगच हल्ली हलका येतो".

ऊन लागतं हे खरं, आणि रंगही हलका असू शकतो. पण त्याच जागी दोनदा-तीनदा रंग सुटतो तेव्हा कारण बहुतेक वेळा खालच्या एखाद्या थरात असतं आणि दुरुस्ती मात्र वरच्या थराची होत राहते. नवा रंग कितीही चांगला मारला तरी तो ज्याला चिकटलाय तेच सुटणारं असेल तर दोन्ही मिळून खाली येणार. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे: रंग नेमका कोणत्या दोन थरांच्या मधून सुटला ते आधी शोधा, मग गाडी दुरुस्तीला द्या. हे शोधायला महागडं यंत्र लागत नाही. सुटलेला पोपडा लागतो, म्हणून तो फेकू नका.

पत्र्यावर काय काय असतं

कारखान्यातून निघालेल्या गाडीवर रंगाची एकूण जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते. त्यात सगळ्यात खाली गंजापासून वाचवणारा थर असतो. गाडीचा सांगाडा टाकीत बुडवून, वीज वापरून तो चढवतात आणि १६० अंशांच्या पुढे भट्टीत भाजतात. त्यावर सर्फेसर म्हणजे पृष्ठभाग सारखा करणारा थर, मग रंग म्हणजे बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर. बेस कोट जेमतेम १५-२० मायक्रॉनचा असतो. त्याचं काम फक्त रंग दाखवायचं. ऊन, पाणी, ओरखडे हे सगळं सोसायचं काम क्लिअरचं.

गॅरेजमध्ये रंगवताना गाडीत प्लॅस्टिक, रबर, वायरिंग असं सगळं बसवलेलं असतं, त्यामुळे इतकी उष्णता देता येत नाही. रंगकामासाठीच्या चांगल्या बंद खोलीत, म्हणजे बूथमध्येसुद्धा, पत्रा ६० अंशांच्या आसपास तापवून अर्धा तास ठेवतात. बाकीचं काम हार्डनर करतो. तो रंगाशी रासायनिक संयोग करून थर पक्का करतो. याला पेंटर टू-के म्हणतात. ज्यात हार्डनर नसतो, नुसतं थिनर उडून जाऊन जो वाळतो तो वन-के. एवढे शब्द पुढे लागतील.

आता पैसा कुठे वाचतो ते बघा. रंगकामात प्रत्यक्ष फवारायला लागणारा वेळ थोडा असतो. घासणं, पुसणं, झाकणं, हँडल-बीडिंग-दिवे उतरवणं आणि प्रत्येक थर वाळायची वाट बघणं यातच सगळे तास जातात. दर कमी ठेवायचा म्हटलं की कात्री याच तासांना लागते. गॅरेजवाला फसवतोच असं यात काही नाही. दिलेल्या पैशांत जेवढे तास बसतात तेवढे तो देतो. पण याचा अर्थ असा की स्वस्त कामातले दोष कुठे सापडतील हे आधीच सांगता येतं: जिथे हात पोचायला त्रास होतो तिथे. हँडलच्या खोबणीत, रबराच्या कडेला, नंबर प्लेटच्या दिव्याखाली, बॉनेटच्या घडीवर. बीडिंग न काढता तिला टेप लावून रंग मारला की रंगाची कड बरोबर टेपच्या रेषेवर संपते. त्या रेषेलगत पॉलिश पेपर धड फिरलेला नसतो आणि पाणी शिरायला ती उघडी असते. प्रेशर वॉशरची धार तिथे एकदा बसली की पापुद्रा उचलला जातो.

पोपडा उलटा करून बघा

नखाने किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने सुटलेला तुकडा अलगद काढा. लोखंडी पातं वापरू नका, खालचा पुरावा खरवडला जातो. तुकडा पांढऱ्या कागदावर उलटा ठेवा आणि दिवसाच्या उजेडात तीन गोष्टी बघा: तुकड्याच्या मागचा रंग, गाडीवर उघड्या पडलेल्या जागेचा रंग आणि त्या जागेला चकाकी आहे का. या तिसऱ्या गोष्टीकडे कोणी बघत नाही, आणि बहुतेक वेळा निकाल तीच देते.

तुकडा काचेसारखा पारदर्शक असेल, मागे रंगाची पुसट छटा असेल आणि गाडीवर रंग जागच्या जागी पण निस्तेज दिसत असेल, तर क्लिअर बेसपासून सुटलाय. याची कारणं तीन-चार आहेत. बेस मारून ठेवला आणि क्लिअर फार उशिरा मारला. बेसवर क्लिअर मारायची मुदत असते, पुष्कळ रंगांत ती एका दिवसाच्या आत असते आणि ती उलटली तर बेस हलका घासून पुन्हा एक हात मारावा लागतो. किंवा बेस जाडसर मारला आणि दोन हातांमध्ये थिनर उडायला वेळ दिला नाही. किंवा गन लांब धरून बेस कोरडा, भुकटीसारखा बसला. किंवा क्लिअरचा एकच पातळ हात दिला. या शेवटच्या कारणाची खूण वेगळी: छत, बॉनेट, डिकी अशा आडव्या भागांवर आधी पांढरट डाग, मग फाटल्यासारख्या कडा, आणि दारं मात्र ठीक. क्लिअर पातळ असला की अतिनील किरण बेसपर्यंत पोचतात आणि बेसचा वरचा पदर मरतो. दारांचाही क्लिअर चादरीसारखा निघत असेल तर उन्हाला दोष देऊ नका, चिकटण्यातच गडबड आहे.

इथे नेहमी होणारी चुकीची दुरुस्ती म्हणजे निस्तेज जागेवर नुसता क्लिअर मारणं. उघडा पडलेला बेस आतून कमजोर झालेला असतो. त्यावरचा नवा क्लिअर त्याच बेसला घेऊन सुटतो. त्या पॅनलवरचा (पॅनल म्हणजे दार, बॉनेट असा एक अख्खा भाग) सैल क्लिअर पूर्ण काढून, कड बोटाला लागणार नाही इतकी उतरती घासून, गरज तिथे सर्फेसर देऊन, बेस पुन्हा मारून क्लिअर पॅनलच्या कडेपासून कडेपर्यंत द्यायला हवा. क्लिअरचा जोड पॅनलच्या मध्यात दिला तर काही काळाने ती रेषा दिसते आणि तिथूनच पुढचा पोपडा सुरू होतो.

तुकड्याच्या मागे गाडीचाच रंग आणि गाडीवर करडा सर्फेसर दिसत असेल, तर बेस सर्फेसरला धरलेला नाही. सर्फेसर न घासता रंग मारला, किंवा घासल्यावर उडालेली पूड आणि हाताचा तेलकटपणा पुसलाच नाही. बेसच्या आधी सर्फेसर कोरडा घासायचा तर ४०० ते ५०० नंबरचा आणि पाण्यात घासायचा तर ६०० ते ८०० नंबरचा पेपर लागतो. याहून जाड पेपर वापरला तर मेटॅलिकमध्ये रेघा दिसतात, फार बारीक वापरला तर पकड राहत नाही.

तिसरा प्रकार स्वस्त कामात सर्वाधिक दिसतो. तुकडा जाड, मागे सर्फेसर किंवा नवा रंग, आणि गाडीवर खाली जुना रंग गुळगुळीत, चकचकीत, अगदी त्यात बोटाचं प्रतिबिंब दिसेल असा. म्हणजे जुन्या क्लिअरला तिथे पॉलिश पेपर लागलेलाच नाही. पक्का झालेला क्लिअर नव्या रंगातल्या थिनरने विरघळत नाही, त्यामुळे नव्या थराला धरायला फक्त घासल्याच्या बारीक रेघा असतात. त्याच नसतील तर रंग तिथे नुसता ठेवलेला असतो. सपाट मधल्या भागावर पेपर फिरतो, म्हणून तिथे रंग टिकतो. घडीवर मात्र पेंटर जपून घासतो, कारण तिथे रंग पातळ असतो आणि पत्रा लगेच उघडा पडतो. खोबणीत पेपर जातच नाही, तिथे काथ्यासारख्या दिसणाऱ्या करड्या स्कफ पॅडने हाताने घासावं लागतं.

यावर उपाय कष्टाचा आहे आणि तो टाळायला सगळे बघतात. वरून घासून, वरून रंग मारून आतली चकाकी जात नाही. सुटलेल्या जागेपासून सुरुवात करून रंग घट्ट लागेपर्यंत काढत जावं लागतं. कधी ते वीतभर जागेत थांबतं, कधी अख्खं दार मोकळं करावं लागतं. कुठे थांबायचं ते पुढे टेपच्या चाचणीत सांगतो.

चौथा प्रकार: खाली उघडा पत्रा. पत्रा स्वच्छ चकचकीत असेल तर उघड्या धातूवर योग्य प्रायमर न देता सर्फेसर किंवा रंग मारला गेलाय. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यावर आणि ॲल्युमिनियमवर हे फार लवकर दिसतं. तिथे इपॉक्सी किंवा एच (etch, म्हणजे आम्लाने धातूला धरणारा) प्रायमर लागतो, आणि तोही त्या धातूला चालतो का हे डब्यावर वाचून. एकावर एक कोणताही प्रायमर चालत नाही. एच प्रायमरवर थेट पुट्टी भरली तर प्रायमरमधलं आम्ल पुट्टीच्या वाळण्यात खोडा घालतं आणि पुट्टी सुटते. पुट्टी घासलेल्या स्वच्छ पत्र्यावर किंवा घासलेल्या इपॉक्सीवर भरायची.

आणि तुकड्याच्या मागे तांबूस पूड असेल तर तो गंज. गंजाचं आकारमान मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त असतं, म्हणून तो रंगाला खालून उचलतो. वरून घासून पत्रा चकचकीत दिसला तरी खड्ड्यांच्या तळाशी काळे ठिपके राहिले असतील तर गंज तिथे जिवंत आहे. भिंग असेल तर लावून बघा. दाराच्या खालच्या कडेला किंवा चाकाच्या कमानीवर फुगे येत असतील तर गंज बहुधा आतून बाहेर येतोय. दाराच्या तळाला पाणी जायची भोकं असतात, ती चिखलाने किंवा मागच्या रंगकामाने बुजली की पाणी आत साठतं. अशा वेळी बाहेरून दहा वेळा रंगवलं तरी तिथेच फुटणार. भोकं मोकळी करा, खाल्लेला पत्रा कापून नवा जोडून घ्या, इपॉक्सी द्या आणि आतून मेणाचा गंजरोधक फवारा. भोक पडलेल्या पत्र्याला पुट्टी भरून वर रंग देणं ही दुरुस्तीच नव्हे. पुट्टी ओल शोषते आणि ती पत्र्याशी धरून ठेवते.

पुट्टीसकट मोठा खपला निघाला असेल तर त्याची पाठ बघा. पाठ गुळगुळीत आणि रंगाचा डाग घेऊन आली असेल तर पुट्टी जुन्या रंगावरच भरली होती. पत्रा ८० नंबरने खडबडीत करून मग पुट्टी भरायला हवी होती. खपल्याची जाडीही बघा. पोचा न काढता खड्डा पुट्टीनेच भरून आणलेला असेल तर इतका जाड थर गाडीच्या हादऱ्यांनी तडकतो.

फुगे आले असतील, पण रंग अजून फुटला नसेल

फुगे तीन तऱ्हेचे असतात आणि तिघांचा उपाय वेगळा आहे.

मोहरीएवढे, दाट, पाऊस पडल्यावर किंवा गाडी धुतल्यावर वाढणारे आणि उन्हात बसणारे फुगे पाण्याचे. रंगाचा थर पाणी पूर्ण अडवत नाही, वाफ हळूहळू आत जाते. खाली क्षार राहिले असतील तर ते पाण्याला ओढून घेतात आणि थर उचलला जातो. क्षार कुठून येतात? पाण्यात घासल्यावर तसंच वाळलेलं पाणी, घामट हाताचे ठसे, आणि पाण्यात घासलेली पुट्टी. ही शेवटची गोष्ट जिथे जिथे दिसेल तिथे थांबवा. पुट्टी कोरडीच घासायची. ती पाणी पिते, वरून कोरडी दिसते आणि सर्फेसरखाली ते पाणी महिनोन्‌महिने राहतं. कधीकधी पुट्टी भरलेल्या भागाचा नकाशाच फुग्यांनी उमटतो, इतकी ही खूण स्पष्ट असते. अशा फुग्यावर रंग मारून काही होत नाही. तो भाग पुट्टीसकट खाली आणून कोरडा करून पुन्हा भरावा लागतो.

कमी संख्येचे, मोठे, हळूहळू पसरणारे फुगे सुईने टोचले आणि आत तांबूस काही दिसलं तर गंज. त्याबद्दल वर आलंच आहे.

रंगवल्यानंतर दोन-चार दिवसांतच टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे किंवा छिद्रं दिसली, हाताला खरखरीत लागली, तर आत अडकलेलं थिनर फुटून बाहेर आलंय. जाड हात, मध्ये वेळ नाही, हवेच्या मानाने फार लवकर उडणारं थिनर, किंवा उष्णता घाईने दिली. हा दोष फक्त क्लिअरमध्ये असेल तर क्लिअर पूर्ण पक्का होऊ द्या, छिद्रं जाईपर्यंत घासा आणि नवा क्लिअर द्या. छिद्रं बेसपर्यंत गेली असतील तर बेसही पुन्हा.

बंपर वेगळा विषय आहे

सगळी गाडी ठीक आणि फक्त बंपरचा रंग चादरीसारखा निघत असेल तर वरचं बरंचसं विसरा. बंपर बहुधा पॉलिप्रॉपिलीन जातीच्या प्लॅस्टिकचा असतो. या प्लॅस्टिकला रंग मुळातच धरत नाही. नव्या बंपरवर तर साच्यातून सहज सुटावा म्हणून लावलेल्या पदार्थाचा अंशही असू शकतो. साबणाच्या कोमट पाण्याने धुणं, प्लॅस्टिकसाठीच्या क्लीनरने पुसणं, करड्या पॅडने घासणं आणि उघड्या प्लॅस्टिकवर प्लॅस्टिक प्रायमरचा पातळ हात, हे चारही टप्पे लागतात. प्लॅस्टिक प्रायमर पारदर्शक आणि पातळ असतो. तो मारला की नाही हे काम झाल्यावर ओळखता येत नाही, म्हणून मारताना बघा किंवा डबा दाखवायला सांगा. तुकड्याच्या मागे रंग आणि खाली काळं प्लॅस्टिक दिसलं की समजा हा टप्पा गाळला गेलाय. अशा बंपरवरचा उरलेला रंगही भरवशाचा नाही, तो पूर्ण काढून घ्या.

तीन सोप्या चाचण्या

पहिली टेपची. सुटलेल्या जागेची कड बोटाला घट्ट लागते तिथवर साफ करा. त्या कडेवर चांगली चिकट रुंद टेप दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. रंग आला तर अजून आत जा, पुन्हा लावा. टेप कोरी येईल तिथे थांबायचं. हीच रेष गॅरेजवाल्याला खडूने आखून द्या.

दुसरी जाळीची. जो भाग नाहीतरी काढायचाच आहे तिथेच करा. धारदार पात्याने सहा उभे आणि सहा आडवे काप पत्र्यापर्यंत द्या, २५ चौकोन तयार होतात, त्यावर टेप लावून ओढा. आयएसओ २४०९ या प्रमाणित चाचणीचं हेच तत्त्व आहे. तिच्यात ६१ ते १२० मायक्रॉन जाडीला कापांमध्ये २ मिलिमीटर आणि त्यापुढे २५० पर्यंत ३ मिलिमीटर अंतर ठेवतात. रंगवलेल्या पॅनलला बहुधा ३ लागेल. कापांच्या कडा स्वच्छ राहिल्या तर उत्तम. चौकोनच्या चौकोन टेपवर आले तर अख्ख्या पॅनलची शंका घ्या.

तिसरी थिनरची. पुन्हा रंगवलेल्या पण डोळ्यांत न येणाऱ्या जागी पांढऱ्या फडक्यावर लॅकर थिनर घेऊन काही क्षण चोळा. फडक्यावर रंग उतरला, जागा चिकट झाली, तर वरचा थर वन-के आहे किंवा हार्डनर कमी पडलाय. अशा थरावर नवा टू-के रंग मारला तर त्यातलं थिनर खालच्या थराला फुगवतं आणि पृष्ठभाग सुरकुततो. कितीदाही मारा, सुरकुत्या येतच राहतात. तो थर काढणं हाच मार्ग.

रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र कोणाकडे असेल तर जरूर फिरवा. मूळ रंग १०० ते १५० मायक्रॉन, एकदा नीट रंगवलेला २०० ते ३०० च्या घरात आणि त्याहून बरंच पुढे गेलं की पुट्टी किंवा रंगावर रंग चढत गेलेला. रंगावर रंग चढत गेलेल्या पॅनलवर आणखी एक थर चढवू नका, तो तडकतो. आधी उतरवून घ्या.

पुन्हा काम देताना

मला विचाराल तर बजेट तेवढंच ठेवून पॅनल कमी करा. सगळी गाडी उथळ रंगवण्यापेक्षा तीन पॅनल मुळापासून करून घेतलेले बरे. गॅरेजवाल्यालाही हे पटतं, कारण त्याचे तास त्याच पैशांत बसतात. त्याच्याशी "रंग चांगला वापरा" असं मोघम बोलू नका. पोपडा दाखवा, मागची बाजू दाखवा, आणि विचारा, "हा इथून सुटलाय, तुम्ही कुठपर्यंत काढणार?" उत्तरात थराचं नाव आलं तर माणूस कामाचा आहे. "काळजी करू नका, एकदम कडक मारून देतो" एवढंच आलं तर दुसरीकडे विचारा.

काम चालू असताना दोनदा तरी गाडी बघून या: रंग उतरवल्यावर सर्फेसर मारायच्या आधी, आणि सर्फेसर घासून झाल्यावर बेस मारायच्या आधी. या दोन वेळांना जे दिसतं ते पुढे कधीच दिसणार नाही. पहिल्या भेटीत कडा बघा. डोळे मिटून बोट फिरवलं आणि जुना रंग कुठे संपतो ते कळलं, तर ती कड रंगातूनही पुढे दिसेल. दुसऱ्या भेटीत पॅनल तिरक्या उजेडात बघा. नीट घासलेला सर्फेसर सगळीकडे सारखा मॅट दिसतो, चकाकणारा ठिपका म्हणजे न घासलेली जागा. खोबणी आणि कडा इथेच सापडतात. हँडल, बीडिंग उतरवलंय का तेही याच वेळी कळतं.

पुसण्याची पद्धत विचारा. मेण आणि ग्रीस काढणारं द्रावण एका फडक्याने लावायचं आणि ते वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने उचलायचं. एकाच फडक्याने पुसलं तर तेल फक्त जागा बदलतं. हे घासायच्या आधीही करायचं, कारण टायर-डॅशबोर्ड चमकवायच्या फवाऱ्यातलं सिलिकॉन घासताना रेघांमध्ये शिरतं आणि मग रंग तिथून मागे सरून गोल डोळे पडतात. एकाच गॅरेजमध्ये प्रत्येक गाडीला असे डोळे पडत असतील तर कॉम्प्रेसरच्या हवेत तेल येतंय, फिल्टर बदलायला हवा.

हार्डनर त्याच कंपनीचा आणि त्याच क्लिअरसाठी सांगितलेला हवा, मोजपट्टीच्या भांड्यात मोजून. अंदाजाने ओतलेला हार्डनर कमी झाला तर रंग मऊ राहतो, जास्त झाला तर ठिसूळ होतो. क्लिअरचे दोन पूर्ण हात, मध्ये डब्यावर लिहिलेला वेळ. हवा दमट असेल तर काम पुढे ढकला. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश वर असावं, नाहीतर डोळ्यांना न दिसणारी ओल पत्र्यावर बसते आणि रंग तिच्यावर बसतो.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. फवारणी चालू असताना तिथे उभे राहू नका आणि टू-के रंग घरी मारायच्या भानगडीत पडू नका. हार्डनरमधल्या आयसोसायनेटने दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराने ते धरलं की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही त्रास होतो. कापडी मास्क इथे काहीच अडवत नाही. पेंटर बाहेरून हवा पुरवणारा मास्क वापरत असेल तर त्या गॅरेजला माझा एक गुण जास्त.

छटेबद्दल थोडक्यात: रंगाचा कोड गाडीवरच्या स्टिकरवर असतो, पण एकाच कोडच्या दोन-तीन छटा निघतात. मेटॅलिकमध्ये गनचा दाब आणि थर किती ओला बसला यानेही छटा बदलते. पत्र्याच्या तुकड्यावर नमुना मारून, क्लिअर देऊन, गाडीला टेकवून समोरून आणि दोन्ही बाजूंनी तिरकं बघा.

रंग आल्यावर महिनाभर मेण किंवा पॉलिश नको, थरातलं उरलेलं थिनर निघून जाऊ द्या. ब्रशच्या यंत्रातून गाडी धुवू नका, आणि प्रेशर वॉशर कडांवर अगदी जवळून धरू नका. काही आठवड्यांनी घासल्याच्या रेघा किंवा पुट्टीची कड उमटून आली तर सर्फेसर पूर्ण वाळायच्या आधीच रंग मारला होता आणि आता तो बसतोय. लगेच पॉलिशला देऊ नका, बसणं थांबेपर्यंत थांबा. थर पुरेसा जाड असेल तर नंतर २००० नंबरने घासून पॉलिश करता येतं.

सध्या पैसे नसतील तर

सगळे पोपडे सारखे तातडीचे नसतात. फक्त क्लिअर गेलाय आणि रंग जागेवर आहे, तर दिसायला वाईट पण पत्र्याला धोका नाही. सैल कडा काढून टाका आणि काम होईपर्यंत असू द्या. करडा सर्फेसर उघडा पडलाय तर थोडी घाई करा, सर्फेसर ओल पितो. पत्रा दिसतोय तर त्याच आठवड्यात हात लावा: टेप कोरी येईपर्यंत सैल रंग काढा, तांबूस डाग घासून काढा, पुसून पूर्ण कोरडं करा आणि ब्रशने इपॉक्सी प्रायमरचे दोन हात द्या. हा प्रायमरही दोन भागांचा असतो, म्हणून हातमोजे घाला आणि मोकळ्या हवेत लावा. त्यावर टचअपचा रंग लावा, कारण इपॉक्सी उन्हात भुकटतो. आणि दाराच्या कडेला असेल तर आधी खालची भोकं तारेने मोकळी करा.